ह्यूगोसाठी स्वतःची थीम, मराठी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून

ह्यूगो म्हणजे साध्या मजकूर-फायलींतून वेबसाइट तयार करणारं साधन, आणि थीम म्हणजे त्या साइटचं रूप ठरवणाऱ्या फायली. ह्यूगोच्या तयार थीम बहुतेक रोमन अक्षरांच्या मापाने बेतलेल्या असतात. त्यात मराठी मजकूर ओतला की खालच्या ओळीतल्या वेलांट्या वरच्या ओळीतल्या उकारांना भिडतात. मग दुसऱ्याच्या सीएसएसमध्ये शोधाशोध करत बसण्यापेक्षा स्वतःची छोटी थीम लिहिणं सोपं. एचटीएमएल आणि सीएसएसची तोंडओळख पुरते.

साइटच्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडा आणि रोमन लिपीत ‘ह्यूगो न्यू थीम’ लिहून पुढे थीमचं नाव द्या. ‘थीम्स’ फोल्डरमध्ये सांगाडा तयार होतो. साइटच्या कॉन्फिग फायलीत ‘थीम’समोर तेच नाव लिहा. ही ओळ अगदी वर हवी, चौकटी कंसातल्या कुठल्याही मथळ्याखाली गेली तर ह्यूगोला ती सापडत नाही.

आता ‘लेआउट्स’ फोल्डर. जुन्या व्हिडिओंत त्यात ‘डीफॉल्ट’ नावाचं उपफोल्डर दिसेल. २०२५ मधल्या ०.१४६ आवृत्तीपासून त्याची गरज उरली नाही. ‘बेसऑफ’ म्हणजे सगळ्या पानांची समाईक चौकट: वरची पट्टी, तळाची पट्टी आणि मध्ये ‘मेन’ नावाची मोकळी जागा. ती जागा लेखासाठी ‘पेज’, यादीसाठी ‘सेक्शन’ आणि मुखपृष्ठासाठी ‘होम’ ही फाइल भरते. या तिन्हींतला मजकूर ‘डिफाइन’ आणि ‘एंड’ या ह्यूगोच्या खुणांच्या आतच ठेवा. बाहेर एखादी एचटीएमएल टिप्पणी जरी राहिली, तरी ह्यूगो चौकट लावतच नाही आणि पान उघडंबोडकं दिसतं. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली आहे.

‘पेज’मध्ये दुहेरी महिरपी कंसात आधी शीर्षक आणि मग मजकूर मागवा. दोन्ही नावांआधीचा टिंब विसरू नका.

खरी मेहनत सीएसएसमध्ये. ओळींची उंची १.७ च्या आसपास ठेवा. अक्षरांमधलं अंतर शून्यच हवं, ते वाढवलं की शिरोरेषेचे तुकडे पडतात. इंग्रजी मथळ्यांना ही सजावट शोभते, म्हणून तयार थीममध्ये ती हमखास असते. फॉन्टसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’ घ्या. तो मुक्त परवान्याचा आहे आणि त्याची सात वजनं, म्हणजे बारीक ते जाड अशी रूपं, मिळतात, पण दोनच वापरा, पान हलकं राहतं. फॉन्टच्या फायली ‘स्टॅटिक’ फोल्डरमध्ये ठेवा.

‘बेसऑफ’मधल्या एचटीएमएल टॅगवर भाषेचा कोड मराठीचा द्या, म्हणजे एम आणि आर ही दोन छोटी रोमन अक्षरं. मग फॉन्टमध्ये सोय असेल तर ‘ल’ आणि ‘श’ आपल्या पाठ्यपुस्तकी वळणाचे उमटतात, हिंदी वळणाचे नाहीत.

‘ह्यूगो सर्व्हर’ चालवून ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, पोर्ट १३१३ उघडा. फाइल जतन केली की पान आपोआप ताजं होतं. चाचणीच्या लेखाला ‘ॲसिड, कर्तृत्व आणि ऱ्हास’ असं काहीतरी शीर्षक द्या. ‘ॲ’च्या जागी रिकामी चौकट दिसली तर फॉन्ट बदला.