अंजिराची काडी बाल्कनीत लावताना

पुरंदर तालुक्यातल्या सासवडकडचं कुणी ओळखीचं असेल तर बागेच्या छाटणीत निघालेल्या चार काड्या मागून आणा. पुरंदरच्या अंजिराला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि या जातीला फळ धरायला परागीभवन लागत नाही. म्हणजे कोपरखैरण्याच्या सातव्या मजल्यावर एकटं झाडही चालतं.

काडी पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, तीन-चार डोळ्यांची (जिथून नवी फूट येते ते उंचवटे). हिरवी कोवळी नको, तपकिरी झालेली घ्या. कापल्यावर पांढरा चीक येतो. तो हाताला लागला तर खाज सुटते, म्हणून जुने हातमोजे घाला. चीक पुसून काडी दिवसभर सावलीत सुकू द्या.

आपल्याकडे काड्या मरतात त्या कुजून. पहिल्या वर्षी मी रोज पाणी घालून सहाच्या सहा घालवल्या, खालची साल काळी होऊन बोटाला लागत होती. आता निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), निम्मी जाड वाळू. मुठीत दाबलं तर पाणी ठिबकू नये, इतकंच ओलं. तळाला भोकं पाडलेला पारदर्शक प्लास्टिकचा ग्लास वापरा, मुळं बाहेरून दिसतात.

पानं फुटली म्हणून लगेच हुरळून कुंडी बदलू नका. ती काडीतल्या साठ्यावरही फुटतात. ग्लासाच्या कडेला पांढरी मुळं दिसेपर्यंत, साधारण महिना-दीड महिना, हात लावायचा नाही. काडी ओढून बघण्याचा मोह तर अजिबात नको!

जानेवारी-फेब्रुवारीत लावा. पावसाळ्यात कुंडी छपराखाली घ्या, नाहीतर पानांवर तांबेरा, म्हणजे तांबूस ठिपक्यांचा बुरशीरोग, ठरलेला.