परदेशी क्रीडा महोत्सवात समूहगानासाठी जाताना या चुका टाळा

परदेशातील क्रीडा महोत्सवाच्या समूहगानात निवड झाल्याचे पत्र आले की आपली मंडळी सर्वप्रथम दिनदर्शिकेत उद्घाटन सोहळ्याच्या तारखेभोवती वर्तुळ काढतात आणि तिथूनच गडबडीला सुरुवात होते. गायकाच्या दृष्टीने महत्त्वाची तारीख असते ती पहिल्या एकत्रित तालमीची, आणि ती सोहळ्याच्या चार-पाच दिवस तरी आधी येते. शेकडो गायकांच्या रांगा, प्रत्येकाची उभे राहण्याची जागा, पोशाखाची मापे, मैदानात शिरण्याचा मार्ग हे सारे त्या दिवसांत ठरते. रंगीत तालमीला जो नव्हता त्याला प्रत्यक्ष सोहळ्यात आयोजक सहसा उभे राहू देत नाहीत. म्हणून व्हिसा, तिकीट, रजा, गाण्याची तयारी या सगळ्यांची उलटी मोजणी तालमीच्या दिवसापासून करावी. सोलापुरात समूहगानाचा गट चालवताना आणि एकदा अशा प्रवासाला तो घेऊन जाताना ज्या चुका आमच्याकडून झाल्या किंवा थोडक्यात टळल्या, त्या येथे नोंदवत आहे.

कागदपत्रांतील चुका

निमंत्रणपत्र म्हणजे व्हिसा नव्हे, हे सर्वांना ठाऊक असते. तरीही ‘आयोजकांनी ओळखपत्र दिले आहे, मग अडवणार कोण?’ असा समज हमखास आढळतो. ऑलिम्पिकमध्ये खेळाडू आणि संघ अधिकाऱ्यांचे अधिकृत ओळखपत्र पासपोर्टसोबत यजमान देशात प्रवेशासाठी चालते, त्यावरून हा समज पसरला असावा. समूहगानातील गायकाने ती सवलत आपल्यालाही आहे असे गृहीत धरू नये आणि आयोजकांकडून लेखी उत्तर येईपर्यंत व्हिसाची तयारी थांबवू नये.

शेंगेन देशांसाठी (एकाच सामायिक व्हिसावर फिरता येणारे युरोपीय देश) प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारणपणे १५ दिवस लागतात, मात्र अधिक छाननी झाल्यास ४५ दिवसही लागू शकतात. बहुतेक मोठे क्रीडा महोत्सव युरोपच्या उन्हाळ्यात असतात आणि आपल्याकडील सुट्ट्यांची गर्दीही त्याच सुमारास उसळते, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या केंद्रांवर बोटांचे ठसे देण्यासाठी वेळ मिळणे हीच खरी अडचण ठरते. पासपोर्ट गेल्या १० वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेला हवा. प्रवासविमा किमान ३० हजार युरोंचा हवा. अर्ज विमान जिथे प्रथम उतरते त्या देशाकडे करण्याची चूक बरेच जण करतात. जिथे मुक्काम सर्वाधिक असेल त्या देशाकडे तो करायचा असतो. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धा बर्मिंगहॅमला झाल्या आणि २०२४ चे ऑलिम्पिक पॅरिसला. नकाशावर ही शहरे जवळ दिसली तरी एका व्हिसावर दोन्हीकडे जाता येत नाही.

निमंत्रणपत्रात तालमींच्या तारखा, निवासाचा पत्ता, खर्च कोण करणार आहे आणि गायकाला मानधन मिळणार नाही, या चारही गोष्टी स्पष्ट लिहून मागवाव्यात. बँकेच्या खात्याबाबत एक कळकळीची सूचना आहे. मध्यमवर्गीय घरांत असा प्रवास मामा, काका, मावशी यांच्या हातभारावर उभा राहतो आणि अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यावर एकदम मोठी रक्कम जमा होते. यात लपवण्यासारखे काहीही नाही, परंतु अधिकाऱ्याला त्या रकमेचा उगम कळत नाही. ज्यांनी पैसे दिले त्यांचे नाते सांगणारे पत्र आणि त्यांचे खातेउतारे सोबत जोडले, तर हीच रक्कम शंकेचे कारण न राहता आधाराचा पुरावा होते.

आता नावाविषयी. आपले नाव तीन भागांचे असते आणि पासपोर्टवर स्वतःचे व वडिलांचे किंवा पतीचे नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्या रकान्यात छापलेले असते. आयोजकांचा अर्ज भरताना कोणी मधले नाव गाळतो, तर कोणी घरात हाक मारतात तेच नाव लिहितो. आमच्या गटातील एका ताईंचा पासपोर्ट माहेरच्या नावाने होता; त्यांनी महोत्सवाच्या अर्जात मात्र सासरचे नाव लिहिले, कारण गावात त्यांना सगळे त्याच नावाने ओळखतात. प्रवेशद्वारावरच्या यादीत त्यांचा पासपोर्ट जुळेना. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत हे पटवून देईपर्यंत पहिल्या तालमीतील जवळजवळ दीड तास गेला आणि अल्टोच्या (स्त्रियांच्या खालच्या आवाजाच्या) रांगेतील त्यांची जागा तोवर दुसऱ्या गायिकेला दिली गेली होती. तिकीट, विमा, आयोजकांचा अर्ज आणि निवासाची नोंदणी या चारही ठिकाणी पासपोर्टवरील नाव अक्षरशः उतरवावे. स्पेलिंगमध्ये चूक असली तरी तीच चूक सगळीकडे ठेवावी.

गळ्यातील आणि कानातील चुका

आपल्याकडची बहुतेक गायक मंडळी भजन, भावगीत किंवा शास्त्रीय संगीतातून आलेली असतात. त्यांचा कान एकट्याच्या गाण्यासाठी घडलेला असतो आणि समूहगानात नेमका तोच आड येतो.

पहिली चूक पट्टीची. आपण गळ्याला मानवेल ती पट्टी घेतो. कोणाचा सा हार्मोनियमच्या काळी चारला, तर कोणाचा पांढरी पाचला. पाश्चात्त्य स्वरलेखनात स्वर बांधलेले असतात. आमच्या गटाने पहिले तीन आठवडे सोयीच्या पट्टीत रियाज केला. चाल चोख बसली, आणि मूळ पट्टीत गायला घेताच वरचे स्वर ताणले जाऊ लागले, श्वासाच्या जागा चुकू लागल्या. गळ्याला पट्टीसकट सवय लागते. स्वरलेखन हाती आल्याच्या दिवसापासून हार्मोनियमवर मूळ स्वर धरूनच गावे, आणि तो झेपत नसेल तर आवाजाची जात, म्हणजे समूहातील वरचा किंवा खालचा भाग, बदलून देण्याची विनंती तेव्हाच करावी.

दुसरी तक्रार अशी असते की घरी आपला भाग बिनचूक येतो, पण चौघांत उभे राहिले की घसरतो. असे गाणे बहुधा चार आवाजांच्या भागांत वाटलेले असते आणि मुख्य चाल बहुधा सोप्रानोकडे, म्हणजे स्त्रियांच्या वरच्या आवाजाकडे, असते. अल्टोला किंवा टेनरला (पुरुषांच्या वरच्या आवाजाला) अनेक मात्रा एकाच स्वरावर थांबावे लागते आणि चालीमागे जाण्याची सवय असलेला कान नकळत शेजारच्या स्वराकडे ओढला जातो. उपाय टप्प्याटप्प्याने करावा लागतो. आधी आपला भाग तानपुऱ्यावर, मग पियानोच्या साथीवर, आणि नंतर आपला भाग वगळून इतर तिन्ही भागांच्या ध्वनिमुद्रणाबरोबर गावा. शेवटी, शक्य असल्यास, आपल्या भागाचे कोणीही जवळ नसताना दोन परक्या आवाजांच्या मधोमध उभे राहून गाऊन पाहावे. या शेवटच्या कसोटीत आमच्यातील चांगले विशारद झालेले गायकही पहिल्या दिवशी चार ओळींपलीकडे टिकले नाहीत. पंधरा दिवसांनी सगळे टिकले.

मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) आणि कणस्वर (स्वराला ओझरता स्पर्श करणारा दुसरा स्वर) ही आपली श्रीमंती आहे, पण वीस जणांनी वीस तऱ्हेची मींड घेतली की स्वरमेळ गढूळ होतो. स्वर थेट लागला पाहिजे. श्वासाचेही तसेच आहे. एकटा गायक ओळ संपली की श्वास घेतो. सगळ्यांनी त्याच क्षणी घेतला तर गाण्यात भोक पडते. लांब स्वरावर शेजाऱ्याशी ठरवून आलटूनपालटून श्वास घ्यावा, शब्दाच्या मध्येही चालतो, फक्त परत येताना हळू आवाजात यावे. ओळीच्या अखेरीस स्वर उतरत असेल तर कारण बहुतेक वेळा कानात नसते. श्वास संपत आलेला असतो.

उच्चारांबाबत सोलापूरकरांना एक फायदा आहे. एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू ऐकत वाढल्यामुळे परकी भाषा तोंडात बसवताना संकोच वाटत नाही. तरी प्रत्येकाने आपली खोड ओळखावी. तेलुगू शब्द बहुधा स्वरान्त असतात, त्यामुळे शहराच्या पूर्व भागातील आमच्या तेलुगू भाषक मित्रांकडून शेवटच्या व्यंजनाला बारीकसा ‘उ’ लागतो. आम्ही मराठी भाषक शेवटचे व्यंजन अर्धवट गिळतो. परिणामी एकाच शब्दाचा शेवट दोन वेळा ऐकू येतो. जर्मनमधील ‘उ’ आणि ‘ई’ यांच्या मधल्या स्वरासाठी ओठ ‘उ’सारखे गोल करून आत ‘ई’ म्हणावे. ऑलिम्पिक गीताचे मूळ शब्द ग्रीक आहेत. असे शब्द देवनागरीत उतरवून घ्यायला हरकत नाही, मात्र आयोजकांनी पाठवलेले ध्वनिमुद्रण ऐकतच उतरवावेत, इंग्रजी स्पेलिंग पाहून उतरवू नयेत.

मैदानात पोहोचल्यावर

सभागृहात आपण कानावर विश्वास ठेवतो. मैदानात तो फसवतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे १०० मीटरवरील ध्वनिक्षेपकाचा आवाज पाव सेकंदाहून अधिक उशिरा येतो. तो ऐकून गाणारा गायक मागे पडतो आणि त्याच्या रांगेलाही मागे ओढतो. नागानो येथे ७ फेब्रुवारी १९९८ रोजी हिवाळी ऑलिम्पिकच्या उद्घाटनात सेइजी ओझावा यांनी बीथोव्हेनच्या नवव्या सिम्फनीतील समूहगान पाच खंडांतील गायकवृंदांकडून एकाच वेळी गाऊन घेतले, तेव्हा उपग्रहामुळे पडणारा वेळेचा फरक भरून काढण्यासाठी खास यंत्रणा वापरावी लागली होती. आपल्यापाशी तशी यंत्रणा नसते. कंडक्टरच्या हाताकडे किंवा पडद्यावरील त्याच्या प्रतिमेकडे पाहावे, कानात ठोक्यांचे यंत्र दिले असेल तर केवळ तेच ऐकावे. याची सवय घरीच लावता येते: गाणे मोठ्याने सुरू ठेवून, समोरच्याच्या मुद्दाम थोड्या वेगळ्या लयीतील हातावर गावे.

प्रवासात घशाची हानी बोलण्याने होते. विमानातील हवेत आर्द्रता २० टक्क्यांहूनही कमी असते, आणि आपल्या गटात तर गप्पांना खंड नसतो. दर थोड्या वेळाने पाणी प्यावे, कुजबुजू नये. कुजबुजण्याने घशाला विश्रांती मिळते हा गैरसमज आहे. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी मुंबईत उतरून त्याच दिवशीचे विमान धरण्याचा हिशेब टाळावा. एक मुक्काम मुंबईत आणि तालमीपूर्वी दोन दिवस तिकडे, एवढी सवड हवी. आपल्याकडच्या चाळीस अंशांतून गेलेल्या माणसाला तिकडची उन्हाळी संध्याकाळही बोचते, म्हणून गळ्याभोवती गुंडाळायला काहीतरी हाताशी असावे.

सामानात पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानात जवळच्या पिशवीत ठेवाव्यात. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे, त्यामुळे पेढे आणि तूप घरीच राहू द्यावे. कडक भाकरी खुशाल न्यावी. शेंगाचटणी नेली तर ती आपल्या खोलीतच खावी, कारण शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेली माणसे तिकडच्या गायकवृंदात असू शकतात, काहींसाठी ती जिवावर बेतणारी असते. आम्ही तालमीच्या मधल्या सुट्टीत डबा उघडला होता. शेजारच्या रांगेतील गायिका घाईने बाहेर गेली आणि कारण कळल्यावर आम्हाला फार वाईट वाटले.

ऐन सोहळ्याच्या दिवशी आवाज बसला, तर तो लपवून गाण्याचा प्रयत्न करू नये. आपल्या भागाच्या प्रमुखांना सकाळीच सांगावे, ठरलेल्या जागी उभे राहावे, ओठांनी शब्द पूर्ण म्हणावेत आणि आवाज मात्र काढू नये. रांग मोडत नाही, शेजाऱ्याचा स्वर बिघडत नाही, आणि परतीच्या प्रवासापर्यंत बहुधा घसाही सुधारलेला असतो.