बी उकरून पाहू नका

बाप्तिस्मा होऊन महिना झाला होता आणि मी बायबलच्या लेवीय पुस्तकात अडकलो होतो. पवित्र शास्त्र हातात आल्यावर पहिल्या पानापासून सुरुवात केली होती. उत्पत्तीचे ५० अध्याय भराभर झाले. निर्गमात तांबड्या समुद्रापर्यंत रंगून गेलो. मग निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूची, मापं आली, पडदे, खांब, कड्या आल्या, आणि लेवीयातल्या अर्पणांच्या नियमांपाशी मी पुरता थकलो. शास्त्र मिटून ठेवलं आणि मनात आलं, संपला आपला विश्वास.

मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, एका वयस्कर मावशींना मी हे घाबरत घाबरत सांगितलं. त्या म्हणाल्या, "अरे, तू येशूसाठी आलास ना? मग आधी त्याला तर भेट. मार्क वाच. लेवीय कुठे पळून जात नाही."

त्यानंतर अकरा वर्षं मी हिशेबनीस म्हणून नोकरी केली आणि आता वीस वर्षांहून जास्त काळ पाळक म्हणून सेवा करतोय. नव्याने विश्वासात आलेला कुणीही विचारायला आला की मी त्याला मावशींचंच उत्तर देतो. येशूचं जीवन सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांत मार्कचं सगळ्यांत लहान, अवघे १६ अध्याय. सलग बसलात तर दीडेक तासात वाचून होतं. पण रोज एकच अध्याय घ्या, दोनदा वाचा, आणि वहीत एवढंच लिहा की आज येशू कुणापाशी थांबला.

पाचवा अध्याय बघा. याईर हा सभास्थानाचा अधिकारी. त्याची मुलगी मरणाच्या दारात आहे आणि तो येशूला घाईघाईने घरी घेऊन निघालाय. वाटेत गर्दीत बारा वर्षं रक्तस्रावाने गांजलेली एक बाई येशूच्या वस्त्राला हात लावते, आणि येशू थांबतो. "मला कोण शिवलं?" असं विचारत तो तिला शोधतो आणि तिचं सगळं ऐकून घेतो. त्या वेळात याईराच्या जिवाचं काय झालं असेल? आणि नेमका तेव्हाच निरोप येतो की मुलगी गेली. पुढे येशू त्या घरी जातो, मुलीचा हात धरून तिला उठवतो. तिचं वय बारा वर्षं, म्हणजे ती बाई आजारी पडली त्याच सुमारास ही जन्मली असणार! सगळे थक्क होऊन उभे आहेत, आणि येशू सांगतो, हिला काहीतरी खायला द्या.

हे वाक्य मी पहिल्या वाचनात पार विसरून गेलो होतो. दुसऱ्यांदा वाचताना तिथे बोट थांबलं. मेलेल्यांतून उठवलेल्या मुलीला भूक लागली असेल, हे त्याच्या लक्षात होतं. श्रद्धेचं जीवन एकीकडे आणि घर, जेवण, नोकरी दुसरीकडे, असं मी तोवर धरून चाललो होतो. ती वाटणी त्या दिवशी मोडली.

प्रार्थनेचंही तसंच झालं. पहिलं वर्षभर मी दुसऱ्यांचे मोठमोठे शब्द उसने घेऊन प्रार्थना करायचो. एकदा मावशींबरोबर प्रार्थनेला बसलो. त्या म्हणाल्या, "प्रभू, आज गुडघा फार दुखतोय. सकाळी सुनेला ताडकन बोलले, ते चुकलं. तिची माफी मागायचं धाडस दे. आमेन." संपली प्रार्थना. आणि त्या उठून खरोखरच सुनेकडे गेल्या. त्या दिवसापासून मी साध्या भाषेत बोलायला लागलो. तुम्हीही घरी ज्या भाषेत बोलता, त्याच भाषेत देवाशी बोला. शब्द सुचत नसतील तर स्तोत्रसंहिता उघडा. त्यात १५० स्तोत्रं आहेत आणि सगळीच आनंदाची नाहीत. १३वं स्तोत्र "कुठवर?" या प्रश्नाने सुरू होतं आणि दोन वचनांत तोच प्रश्न चारदा विचारतं. ८८वं तर अंधारातच संपतं. अशी स्तोत्रं शास्त्रात आहेत याचा मला फार आधार वाटतो. देवापुढे रडगाणं गायलं म्हणून कुणी अविश्वासू ठरत नाही.

वेळ मिळत नाही, हे मी सगळ्यांत जास्त ऐकतो. मार्कच्या पहिल्या अध्यायात येशू पहाटे अंधारातच उठून एकांतात प्रार्थनेला जातो, आणि तिथेही शिमोन आणि सोबती शोधत येतात की सगळे तुमचीच वाट पाहताहेत. तेव्हा तुमच्या प्रार्थनेत लेकरू रडलं, फोन वाजला, तर स्वतःला दोषी धरू नका. दहा मिनिटं ठरवा. सात मिळाली तर सात.

आता नोकरीविषयी, कारण इथे मी स्वतः चुकता चुकता वाचलो. बाप्तिस्म्यानंतर काही महिन्यांतच मला वाटायला लागलं की नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत जावं. हिशेबाच्या वह्यांमध्ये देवाचं काय काम? आमच्या तेव्हाच्या पाळकसाहेबांनी मला बसवून पाचव्याच अध्यायाची सुरुवात वाचायला लावली. गरसेकरांच्या मुलखात थडग्यांमध्ये राहणारा एक भूतग्रस्त माणूस बरा होतो. त्या प्रसंगात येशूकडे तीन बाजूंनी विनंत्या होतात. भुतं म्हणतात, आम्हाला डुकरांत जाऊ दे. तो जाऊ देतो. गावकरी म्हणतात, आमच्या मुलखातून जा, तो जातो. बरा झालेला माणूस म्हणतो, मला तुमच्याबरोबर राहू द्या. आणि नेमकी हीच विनंती येशू मान्य करत नाही. घरी जा, म्हणतो, आपल्या माणसांत जा आणि प्रभूने तुझ्यासाठी काय केलं ते त्यांना सांग.

मी परत कामावर गेलो. थोड्याच दिवसांत वरिष्ठांनी एका बिलावर मागची तारीख टाकायला सांगितली. आधी मी अशा तारखा टाकल्या होत्या, खोटं बोलणार नाही. त्या दिवशी पेन हातात घेतलं, ठेवलं, आणि म्हणालो, "साहेब, मला हे जमणार नाही." आवाज कापत होता. साहेब महिनाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. माझ्या विश्वासाची पहिली साक्ष मी व्यासपीठावरून दिली नाही, त्या टेबलापाशी दिली, आणि तीही पाच शब्दांत. सेवेचं पाचारण असेल तर ते टिकतं. माझं अकरा वर्षं टिकलं.

घरचे या विश्वासात नसतील तर वाद घालू नका. तुम्ही बदललात हे त्यांना तुमच्या बोलण्याआधी तुमच्या वागण्यातून कळू द्या, आणि त्याला वर्षं लागली तरी लागू द्या.

घराबद्दल माझी एक कबुली. पाळक झाल्यानंतरची गोष्ट. एका रविवारी सकाळी उपदेशाचे कागद सापडेनात म्हणून मी पत्नीवर ओरडलो. उपदेशाचा विषय होता प्रीती. कागद माझ्याच बॅगेत होते. उपासनेला वीस मिनिटं होती, आणि मला येशूचे शब्द आठवले: प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कुणाविरुद्ध काही असेल तर क्षमा करा. माझ्या बाबतीत तर क्षमा मागायची होती. मी तिच्याकडे गेलो आणि म्हणालो, "माझं चुकलं." ती म्हणाली, "जा आता, लोक थांबलेत." त्या दिवशी मी कागद बाजूला ठेवूनच बोललो.

मंडळीत जात राहा, पहिल्या दोन रविवारी कुणी विचारपूस केली नाही तरी. एखादं छोटं काम मागून घ्या, खुर्च्या मांडायचं का असेना; सोबत हात लावला की ओळखी होतात. मावशींसारखं एक वडीलधारं माणूस शोधा, ज्याला लाज न वाटता काहीही विचारता येईल. मात्र कुणी शापाची भीती घातली, आशीर्वादाच्या बदल्यात पैसे मागितले किंवा डॉक्टरांची औषधं बंद करायला सांगितली, तर तिथून निघा. प्रार्थना करा आणि गोळ्याही वेळेवर घ्या.

एक काळ असा येईल की काहीच वाटणार नाही. शास्त्र कोरडं लागेल, गीतं तोंडपाठ असूनही मनाला शिवणार नाहीत. माझे वडील गेले त्या वर्षी मला प्रार्थना करताच येत नव्हती. मी मंडळीत जाऊन नुसता बसायचो, बाकीचे गायचे. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात चौघं जण एका पक्षाघाती माणसाला उचलून आणतात, छप्पर उसकटून त्याला खाली सोडतात. तिथे लिहिलंय की येशूने "त्यांचा" विश्वास पाहिला. बाजेवरच्या माणसाच्या तोंडी सबंध प्रसंगात एक शब्दही नाही. त्या वर्षी मी बाजेवर होतो. तुमची पाळी आली तर बिनधास्त पडून राहा, आणि दुसऱ्याची आली तर एक कोपरा धरा.

मध्यंतरी एक तरुण आला. बाप्तिस्म्याला वर्ष झालं होतं. म्हणाला, "पाळकसाहेब, माझ्यात काही फरकच पडत नाही. राग तसाच, आळस तसाच." मी त्याला चौथ्या अध्यायातला एक दाखला वाचून दाखवला. चार शुभवर्तमानांपैकी फक्त मार्कमध्येच तो आहे. माणूस जमिनीत बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी कसं रुजतं, वाढतं हे त्याचं त्यालाच कळत नाही. आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. "तू रोज बी उकरून बघतोयस," मी म्हणालो. तो गप्प बसला. मग मी विचारलं, "घरी आईला विचारलंस का, फरक पडलाय का ते?"

पुढच्या रविवारी तो उपासनेनंतर थांबला. आईला विचारायला त्याला चार दिवस लागले होते. ती म्हणाली होती, "तू हल्ली दार आपटत नाहीस."