गोव्यातल्या घरात कुत्रं आहे आणि खरं ख्रिसमस ट्री हवंय? मग असं करा

झाड कुठलं आणायचं ते नंतर बघू, आधी ते ठेवणार कुठे ते ठरवा. सकाळी पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, पोंपों वाजला की तुमचं कुत्रं कुठून कुठे धावतं ते एकदा नीट बघून ठेवा. आमचा बंड्या सोफ्याखालून सुटतो, टाईलवर नखं घसरत टीपॉयला वळसा घालतो, पुढचे दोन पाय खिडकीच्या कठड्यावर टाकतो आणि पोदेर वळणाआड जाईपर्यंत भुंकत राहतो, रोज तोच रस्ता, एक इंच इकडे तिकडे नाही. आता त्या रस्त्यात तुम्ही झाड ठेवलंत तर ते पडणारच, त्यात कुत्र्याची काय चूक. दुसरी टाळायची जागा म्हणजे फटाक्यांना घाबरून तो लपतो तो कोपरा. २४ डिसेंबरच्या रात्री मिसाच्या (चर्चमधल्या प्रार्थनेच्या) सुमाराला फटाके वाजतात, ३१ ला ओल्ड मॅन, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, जाळतात तेव्हा तर विचारूच नका, आणि बिथरलेलं कुत्रं आपल्या नेहमीच्या कोपऱ्यात घुसतं, तिथे वायरी आहेत की काचेचे गोळे आहेत हे तो बघत बसत नाही. दोन भिंतींचा कोपरा, जवळ खिडकीचे गज, जवळच प्लग आणि कुत्र्याच्या धावपळीच्या बाहेर, अशी जागा मिळाली की अर्धं काम झालं.

आता झाड. आपल्याकडे मुख्य पर्याय दोनच आहेत खरं तर. एक म्हणजे नर्सरीत कुंडीत मिळणारं अरोकेरिया, ज्याला सगळे ख्रिसमस ट्रीच म्हणतात, आणि दुसरं म्हणजे सुरूची तोडलेली फांदी. परदेशी सिनेमात दिसतं तसं फर नावाचं झाड इथल्या हवेत विसरा, डिसेंबरातही दुपारी ३०-३२ डिग्री असतं. सुरूची फांदी जुन्या घरांतून अजून लावतात आणि दिसतेही छान, पण ती चार-पाच दिवसांत वाळायला लागते, काड्या सगळ्या घरभर गळतात, आणि ती छोटी टणक बोंडं कुत्र्याच्या पिल्लांना चघळायला भारी आवडतात, एखादं गिळलं तर अडकू शकतं. शिवाय किनाऱ्यावरची सुरू वाळू धरून ठेवायला लावलेली असते, ती तोडायला जाऊ नका, १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे गोव्यात झाड तोडायला परवानगी लागते. स्वतःच्या बागेतली फांदी असेल तर ठीक. माझं मत विचाराल तर कुत्रं असलेल्या घरात कुंडीतलं अरोकेरियाच बरं, कारण कुंडी जड असते, झाड जिवंत असतं म्हणून कमी गळतं, आणि पुढच्या वर्षी परत तेच वापरता येतं.

अरोकेरिया घेताना उंचीला भुलू नका, जमिनीपासून फूटभर तरी खोड मोकळं असलेलं किंवा स्टुलावर ठेवता येईल असं तीन-चार फुटांचं झाड घ्या. फांद्या मऊ असतात, जड गोळे झेपत नाहीत, आणि खालच्या फांद्या एकदा वाळल्या की परत येत नाहीत हे लक्षात असू द्या. शेंडा मोडला तर झाड सरळ वाढत नाही, म्हणून गाडीत आडवं टाकून आणताना शेंड्याला जपा. पानं चावली तर कुत्र्याला उलटी होऊ शकते, लाळ गळू शकते, एखाद-दुसरं पान गेलं तर घाबरू नका पण मूठभर खाल्लं आणि दोन-तीनदा ओकला, खाणं सोडलं, तर डॉक्टरकडे न्या.

पण मला विचाराल तर झाडापेक्षा कुंडीतली माती जास्त धोक्याची, आणि याकडे कोणाचं लक्षच जात नाही. नर्सरीवाले मातीत बोनमील घालतात, त्याचा वास कुत्र्याला मटणाच्या दुकानासारखा येतो, तो उकरणार म्हणजे उकरणार, आणि पोटात गेलं की त्याचा गोळा होतो. त्याहून वाईट म्हणजे एरंडीची पेंड. शेतीला उत्तम खत, पण एरंडीत रायसिन नावाचं विष असतं, कुत्र्याला रक्ताची हगवण लागून जीव जाऊ शकतो. तिसरं, गोगलगायी मारायला टाकलेले दाणे. पावसाळ्यात आपल्याकडे गोगलगायींचा किती सुळसुळाट असतो तुम्हाला माहीत आहे, नर्सरीतही तेच, आणि त्या दाण्यांत मेटाल्डिहाइड हे विष असेल तर कुत्र्याला काही वेळातच झटके येतात. म्हणून घेतानाच सरळ विचारा, दादा यात एरंडीची पेंड आहे का, गोगलगायीचं औषध टाकलंय का, किडीची पावडर टाकलीय का. उत्तर गुळमुळीत आलं तर वरची तीन-चार बोटं माती काढून फेकून द्या आणि नवी साधी माती भरा. मग त्यावर चिऱ्याचे (जांभ्या दगडाचे) तुकडे नाहीतर मोठे गोटे पसरा, कुत्र्याच्या तोंडात मावणार नाहीत एवढे मोठे. लहान रंगीत खडे नकोत, ते तो गिळतो. कोंबड्यांची जाळी असेल तर ती मातीवर गोल कापून बसवली की उकरणं बंदच होतं.

पाणी घालताना कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. एक तर अरोकेरियाची मुळं कुजतात आणि दुसरं म्हणजे कुत्रं स्वतःचं भांडं सोडून नेमकं तेच पाणी पिणार, त्यात खताचा अर्क उतरलेला असतो. सुरूची फांदी बादलीत ओल्या वाळूत रोवली असेल तर बादलीच्या तोंडाला जुनं कापड घट्ट बांधा, आणि फांदी टिकावी म्हणून पाण्यात ती साखर, ॲस्पिरिन वगैरे काहीही टाकू नका.

झाड बांधायला तंगूस, म्हणजे मासे पकडायची नायलॉनची दोरी, वापरा. मासेमारीचं सामान मिळतं तिथे जाडी तंगूस घ्या, खोडाला साधारण दोन तृतीयांश उंचीवर आधी कापडाची पट्टी गुंडाळा म्हणजे साल कापणार नाही, त्यावरून तंगूस बांधून दोन वेगळ्या दिशांना ताणा, एक खिडकीच्या गजाला आणि एक भिंतीतल्या हुकाला. लांबून दिसत पण नाही. एकाच बाजूला बांधलंत तर झाड गोल फिरून पडतं. टोकं मात्र कुत्र्याच्या उंचीवर लोंबू देऊ नका, आणि उरलेले तुकडे लगेच उचला, तंगूस पोटात गेली तर आतडं कापते. कुंडी मोठ्या पातेल्यात किंवा लोखंडी घमेल्यात ठेवून बाजूने चिऱ्याचे तुकडे ठासले की आमच्या घरातल्या दोन धिंगाणेबाजांनाही ती हलत नाही.

आणलं की लगेच सजवायला घेऊ नका, पोरं कितीही मागे लागली तरी. दोन-तीन दिवस झाड नुसतं उभं राहू दे. पहिल्यांदा कुत्र्याला पट्टा घालून जवळ न्या, सुंघू दे, मनसोक्त सुंघू दे, मग "सोड" म्हणा आणि तोंड फिरवलं की लगेच बिस्किट. नर कुत्रा असेल तर पाय वर करायला बघणारच, त्याच्या हिशोबाने घरात झाड आलं म्हणजे घरातच खांब आला. ओरडून, मारून उपयोग नाही, मग तो तुम्ही नसताना करतो. फिरवून आणल्यावरच त्याला त्या खोलीत सोडा, पहिले काही दिवस एकटा सोडू नका, आणि पाय उचलताना दिसला की टाळी वाजवून बाहेर न्या. तरी लघवी झालीच तर पाण्याने धुवा आणि मग कुत्र्या-मांजरांच्या लघवीसाठी मिळणारं एन्झाइमवालं क्लीनर लावा. फिनेल नको, वास पूर्ण जात नाही आणि पंजे चाटताना ते त्याच्याच पोटात जातं. लघवी आणि वायरी एकत्र आल्या की काय होईल ते सांगायला नको, म्हणून एक्स्टेंशन बोर्ड कधीच कुंडीजवळ जमिनीवर ठेवू नका, भिंतीवर उंच अडकवा. तिखट किंवा मिरपूड टाकायचा सल्ला कोणी दिला तर कानाडोळा करा, त्याच्या नाकाडोळ्यांची आग होते आणि झाडाकडे जायचा तो जातोच.

लायटिंग आता एलईडीचीच घ्या, अडॅप्टरवाली कमी व्होल्टची, जुनी थेट २३० व्होल्टची माळ कुत्रं असलेल्या घरात नकोच. खालचा दोन फुटांचा भाग पूर्ण रिकामा ठेवा, ना माळ ना गोळे. दिसायला थोडं विचित्र दिसतं, पण कुत्र्याचं तोंड आणि शेपूट दोन्ही त्याच उंचीवर असतात, लॅब्रेडॉरची शेपूट तर झाडूच. खाली येणारी वायर केसिंग पट्टीत घाला. घराबाहेर जाताना आणि झोपताना स्विच बंद, रिमोटने नाही, प्लगलाच. बोर्डात आरसीसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) नसेल तर ख्रिसमसच्या निमित्ताने इलेक्ट्रिशियन बोलवा, त्याचा उपयोग माणसांनाही आहे. कधी वायर चावलीच तर आधी मेन स्विच बंद करा, मगच कुत्र्याला हात लावा. तो उठून हिंडायला लागला तरी डॉक्टरला दाखवाच, कारण फुप्फुसात पाणी कधी कधी काही तासांनी भरतं. बटण सेलवाले छोटे दिवे तर मी घरातच आणत नाही, सेल गिळला तर अन्ननलिका भाजते.

सजावटीत चकचकीत झिरमिळ्या पूर्ण बंद. त्या आतड्यात अडकून आतडं गोळा होतं, ऑपरेशनच करावं लागतं. आणि शी करताना मागून लोंबताना दिसली तर ओढू नका, तशीच डॉक्टरकडे न्या. काचेऐवजी कागद, कापड, नारळाच्या करवंटीचे तुकडे, पोफळीच्या विरीच्या (पानाच्या रुंद देठाच्या) चांदण्या, हे सगळं हलकं असतं आणि अरोकेरियाला झेपतं. पिठाचे गोळे करून रंगवतात ते नको, त्यात मीठ खूप असतं. नक्षत्र (चांदणीचा आकाशकंदील) उंच टांगा, वायर वरून न्या. गोठो, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, झाडाखाली करायचा असेल तर तो टेबलावर करा, गवत बघितलं की एक तर तो त्यात झोपतो नाहीतर पाय वर करतो, आणि नाचणी पेरून केलेली हिरवळ तर त्याला आयतं सॅलडच.

खाण्याचं सगळ्यात कडक ठेवा. झाडाखाली खाऊची एकही भेट ठेवायची नाही, कागदात गुंडाळली, डब्यात ठेवली तरी नाही, त्याचं नाक तुमच्या टेपपेक्षा हुशार आहे. शेजाऱ्यांकडून कुसवाराचं, म्हणजे ख्रिसमसच्या फराळाचं, ताट आलं की थेट कपाटात वर. प्लम केकमध्ये बेदाणे असतात आणि वर रम, बेदाणे आणि द्राक्षं कुत्र्याची किडनी खराब करतात, आणि किती खाल्लं तर चालतं असं कुठलंच सुरक्षित प्रमाण नाही. नेवऱ्यांतही बेदाणे असतात. चॉकलेट जितकं काळं तितकं वाईट. बेबिंका, दोदोल ही गोडं म्हणजे विष नाही पण एवढं तूप, नारळाचा रस आणि अंडी म्हणजे स्वादुपिंडाला सूज यायला निमित्त. शुगरफ्री मिठाईत झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) आहे का ते वाचा, त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर एकदम खाली येते. काही खाल्लं असं कळलं तर मिठाचं पाणी पाजून ओकायला लावू नका, आपल्याकडे सर्रास करतात पण मीठच वर विष होतं. पुडका हातात घ्या, किती वाजता, किती खाल्लं ते लिहा आणि फोन करा. २५ ला बरेच दवाखाने बंद असतात, म्हणून २० तारखेच्या आतच तुमच्या डॉक्टरांना विचारून ठेवा की रात्री कोण असतं, आणि तो नंबर फ्रिजवर चिकटवा.

आणि हो, पॉइनसेटिया. लाल पानांची ती कुंडी झाडाशेजारी सगळेच ठेवतात आणि सगळे म्हणतात ती विषारी. एवढी नाही. चीक लागला तर तोंडाची थोडी जळजळ, फार तर एखादी उलटी. तरी उंचावर ठेवा.

पिल्लू सहा-सात महिन्यांच्या आतलं असेल तर मात्र वरचं सगळं करूनही भागणार नाही, ते सगळं चावतंच. अशा वर्षी झाड टेबलावर ठेवा, किंवा भोवती पिल्लांची जाळी लावा, किंवा चक्क बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीवर) ठेवा आणि पिल्लू आत.

६ जानेवारीला तीन राजांचं फेस्त (सण) झालं की झाड काढायचं. आधी माळ, मग वरची सजावट, मग जमिनीवर हात फिरवून हुक, तारा, तंगुसीचे तुकडे शोधायचे. कुंडी एकदम उन्हात ठेवू नका, पानं करपतात, आठवडाभर सावलीत आणि मग हळूहळू सकाळच्या उन्हात. जमिनीत लावायचा विचार असेल तर घरापासून आणि विजेच्या तारांपासून बरंच लांब लावा, हे झाड माडाच्याही वर जातं. आणि बाहेर गेल्यावर नर कुत्र्याला ते झाड आता हक्काचं वाटणार, लघवीने पानं आणि मुळं जळतात, म्हणून भोवती दोन फुटांवर चिऱ्यांचा एक थर लावून टाका.