फळांचे छोटे मफिन घरी करताना या चुका टाळा

सफरचंदात साधारण ८५ टक्के पाणी असतं, स्ट्रॉबेरीत ९१ आणि पिकलेल्या केळ्यात ७५. घरी केलेले फळांचे मिनी मफिन आतून गच्च, चिकट किंवा चिवट झाले की आपण ओव्हनला दोष देतो, पण बहुतेक वेळा या पाण्याचा हिशेब चुकलेला असतो. साखर आणि तेल कमी करून त्या जागी फळ घातलं की पाणी वाढतं. ते धरून ठेवणारी साखर आणि मफिन मऊ ठेवणारं तेल मात्र कमी झालेलं असतं. म्हणून नेहमीच्या रेसिपीत नुसती अदलाबदल करून भागत नाही, प्रमाणं नव्याने बसवावी लागतात.

पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत त्या या प्रमाणाला धरून आहेत. २४ खळ्यांच्या मिनी साच्यासाठी: कणीक (गव्हाचं पीठ) १२० ग्रॅम, जाडसर दळलेले ओट्स ३० ग्रॅम, कुस्करलेलं केळं १५० ग्रॅम, अंडं १, घट्ट दही ६० ग्रॅम, तेल ४० ग्रॅम, साखर ५० ग्रॅम, फळाचे तुकडे ८० ग्रॅम, बेकिंग पावडर १ छोटा चमचा, खायचा सोडा पाव छोटा चमचा, मीठ पाव छोटा चमचा. एका खळ्यात साधारण २४ ग्रॅम मिश्रण येतं. १८० अंश सेल्सिअसला ११ ते १३ मिनिटं.

‘दोन मध्यम केळी’ या मापावर विश्वास ठेवणं

सोललेलं केळं ८० ग्रॅमचं असू शकतं आणि १४० ग्रॅमचंही. दोन केळ्यांत १०० ग्रॅमचा फरक पडला तर ७५ ग्रॅम पाणी जास्त गेलं, आणि एवढ्या लहान घाण्यात ते कुठेच लपत नाही. वजनकाटा नसेल तर या पदार्थाच्या वाटेला न गेलेलं बरं, इतकं ते महत्त्वाचं आहे. सालीवर भरपूर काळे ठिपके आलेलं केळं घ्या, कारण पिकताना त्यातल्या स्टार्चची साखर होते. कमी पिकलेल्या केळ्याने गोडी येत नाही आणि मग साखरेचा हात सुटतो.

केळ्याऐवजी सफरचंदाचा शिजवलेला गर वापरायचा असेल तर त्यात पाणी जास्त आहे हे धरून दही ६० वरून ४० ग्रॅमवर आणा. सफरचंद किसून घालणार असाल तर कीस मुठीत दाबून पाणी काढा आणि मगच तोला.

साखर एका झटक्यात काढून टाकणं

साखर फक्त गोडीसाठी नसते. ती पाणी धरून ठेवते, पिठातलं ग्लुटेन (पीठ ओलं झाल्यावर प्रथिनांचं बनणारं चिवट जाळं) फार घट्ट होऊ देत नाही आणि वरचा खरपूस रंगही बऱ्याच अंशी तिच्यामुळे येतो. नेहमीच्या रेसिपीतली साखर पाव ते एक तृतीयांश कमी केली तर सहसा बिघाड होत नाही. त्याच्या पुढे गेलात की मफिन फिकट, कोरडा आणि दुसऱ्या दिवशी दगडासारखा होतो. वरच्या प्रमाणात साखर आधीच कमी आहे, केळ्याच्या गराने ती तूट सांभाळली आहे. आणखी कमी करायची असेल तर दालचिनी, व्हॅनिला किंवा लिंबाची किसलेली साल घाला. मीठ मात्र वगळू नका, त्याच्याशिवाय गोडी दबून जाते.

साखरेऐवजी खजूर घेणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे खजूर न मोजलेल्या पाण्यात भिजवून ते सगळं मिश्रणात ओतणं. ५० ग्रॅम बिनबियांचा खजूर २५ ग्रॅम गरम पाण्यात भिजवून त्याच पाण्यासकट वाटा आणि दही ३० ग्रॅमने कमी करा. मध घ्यायचा तर ५० ग्रॅम साखरेला ४० ग्रॅम पुरतो. मधाला रंग लवकर चढतो, म्हणून ओव्हन १० अंशांनी खाली ठेवा. नाहीतर वरून काळं, आतून कच्चं. एक वर्षाखालच्या बाळाला मधाचा मफिन देऊ नये. बोटुलिझम या गंभीर विषबाधेचे जिवाणू ज्या बीजाणूंच्या रूपात मधात असू शकतात ते भाजण्याच्या तापमानाला मरत नाहीत.

आणि मध घातला म्हणून पदार्थ ‘शुगर फ्री’ झाला असं मानू नका. जागतिक आरोग्य संघटना मध, सिरप आणि फळांच्या रसातली साखर वरून घातलेल्या साखरेतच मोजते. रोजच्या २००० कॅलरींच्या आहारात ही साखर ५० ग्रॅमच्या खाली, जमल्यास २५ ग्रॅमच्या आत असावी, असं तिची शिफारस सांगते. आपल्या प्रमाणात एका मफिनमध्ये साधारण २ ग्रॅम साखर जाते. लहान दिसतात म्हणून सहा खाल्ले तर १२ ग्रॅम.

तेल पूर्ण वगळणं

तेल पिठाच्या प्रथिनांवर थर धरतं आणि ग्लुटेनचं जाळं घट्ट होऊ देत नाही. ते सगळं काढून तिथे फळाचा गर घातला की मफिन हमखास चिवट होतो. निम्मं तेल काढून तेवढाच गर घाला, इथेच थांबा.

तेल कमी असलेलं मिश्रण कागदी कपालाही चिकटतं. कागदाबरोबर अर्धा मफिन निघून येतो तो याच कारणाने. कपाला आतून तेलाचा हात लावा किंवा कप न घेता थेट तेल लावलेल्या साच्यात घाला. सिलिकॉनचा साचा सोपा पडतो, पण त्यात बूड कमी खरपूस होतं. कागद सोलायचाच असेल तर मफिन पूर्ण गार झाल्यावर.

मिश्रण घोटत बसणं

आत लांबट बोगदे दिसले, वरून टोक आलं आणि चावताना ताणलं गेलं, तर मिश्रण जास्त ढवळलं गेलं आहे. ओले आणि कोरडे जिन्नस वेगवेगळे नीट मिसळा. एकत्र केल्यावर मात्र १०–१२ वेळा चमचा फिरवून थांबा. कुठे कुठे कोरडं पीठ दिसलं तरी चालेल, फळाचे तुकडे मिसळताना ते जातं.

ओट्स आधी दही आणि केळ्यात १० मिनिटं भिजवा, नाहीतर ते ओव्हनमध्ये पाणी ओढतात आणि मफिनचा भुगा होतो. सोडा पडल्यावर मात्र मिश्रण ताटकळत ठेवू नका, ओलं होताच त्याचं काम सुरू होतं. अंडं नको असेल तर १ मोठा चमचा जवसाची पूड ३ मोठे चमचे पाण्यात १० मिनिटं फुगवून घाला. मफिन थोडा जड होईल, तेवढं चालवून घ्या.

मफिन फुगलेच नाहीत तर आधी बेकिंग पावडर तपासा. अर्धा छोटा चमचा पावडर गरम पाण्यात टाकली की जोरात फेस यायला हवा. फुगून मध्येच बसले तर ते कच्चे निघालेत, दार लवकर उघडलंय किंवा पावडर जास्त झालीये.

फळाचे तुकडे

मिनी मफिनला ६ ते ८ मिलिमीटरचे तुकडे पुरे. मोठा तुकडा तळाला बसतो आणि त्याच्याभोवती पिठाचा ओला खिसा राहतो. तुकडे पिठात घोळवल्याने थोडी मदत होते, पण मिश्रण पातळ असेल तर काहीच वाचवत नाही. चमच्यातून ओघळायला नको, थबकन पडायला हवं. प्रत्येक खळ्यात आधी चमचाभर साधं मिश्रण घालून मग फळ मिसळलेलं घातलं तर तळ ओला होत नाही.

फ्रोझन फळ वितळवू नका, गोठलेलंच घालून २ मिनिटं जास्त भाजा. मनुका, जर्दाळू १५ मिनिटं गरम पाण्यात भिजवून पुसून घ्या. कोरड्याच घातल्या तर त्या मिश्रणातलं पाणी ओढतात आणि वर राहिलेल्या जळून कडू लागतात. ताज्या अननसातलं एन्झाइम दह्यातली प्रथिनं फोडतं आणि मिश्रण थोडं थांबलं तरी कडवट होतं, म्हणून त्याचे तुकडे आधी ४–५ मिनिटं परतून गार करा. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, त्याला ही भीती नाही. ब्लूबेरीभोवती हिरवट डाग पडले तर सोडा जास्त झाला आहे. असा मफिन खाण्यात धोका नाही, पुढच्या वेळी सोडा कमी करा.

लहान मुलांसाठी अख्खी द्राक्षं किंवा अख्खा सुकामेवा कधीच घालू नका, घशात अडकतो.

वेळ आणि तापमान

मोठ्या मफिनला २ मिनिटं इकडेतिकडे चालतात, मिनीला तेवढ्यात कोरडेपणा येतो. १० व्या मिनिटाला पहिला मफिन तपासा. टूथपिक फळात घुसली तर ती ओलीच निघेल, म्हणून दोन ठिकाणी टोचा, किंवा वरून बोटाने दाबा: खड्डा परत वर आला म्हणजे झालं. फॅन चालू असलेल्या ओव्हनमध्ये तापमान २० अंशांनी कमी ठेवा. काळ्या रंगाचा साचा बूड लवकर जाळतो, त्यालाही १० अंश कमी.

बाहेर काढल्यावर ५ मिनिटांत साच्यातून सोडवून जाळीवर ठेवा, साच्यातच राहिले की वाफेने बूड ओलं होतं. कोमट असतानाच कच्चेपणा लक्षात आला तर १६० अंशांवर ४–५ मिनिटं परत भाजा. पूर्ण गार झाल्यावर कळलं तर आडवे कापून १५० अंशांवर १० मिनिटं भाजले की कुरकुरीत तुकडे मिळतात, मूळ मफिन मात्र परत येत नाही.

बाहेर एक दिवस, फ्रिजमध्ये डब्यात खाली टिश्यू पेपर घालून ३ दिवस, फ्रीजरमध्ये २ महिने. गरम असताना डबा बंद केला तर दुसऱ्या दिवशी वरचा पापुद्रा चिकट होतो. फ्रीजरमधले थेट १५० अंशांवर ६–७ मिनिटं गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये १५ सेकंदांपुढे गेलात की चिवट होतात.