व्हिक्टोरियन माजोलिका घ्यायचीय? आधी उलटी करून बघा

माजोलिका म्हणजे ती व्हिक्टोरियन काळातली रंगीत चकचकीत भांडी हो, फुलकोबीच्या आकाराची किटली काय, झाकणावर अख्खा मासा काय! ऑनलाइन लिलावात 'अस्सल मिंटन' म्हणून कायपण खपवतात, त्यामुळे वरची पानंफुलं बघून हरखून जाऊ नका, तळाचे फोटो मागा, देत नसेल तर सरळ सोडून द्या.

मिंटन ही पॉटरी कंपनी, तिचा कारखाना इंग्लंडात स्टोक-ऑन-ट्रेंटला होता, तिथे आर्नू नावाच्या फ्रेंच केमिस्टने हे शिशाचे रंगीत ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर, बसवले, १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात ते मांडले आणि मग बाकीचे पॉटरीवाले पण त्यातच उतरले. मिंटनचा ठसा तळाला मातीत दाबलेला असतो, साधारण १८७३ पर्यंत नुसतं मिंटन, नंतर मिंटन्स, सोबत आकाराचा नंबर आणि वर्षाची एक बारीकशी खूण. वेजवूड या दुसऱ्या इंग्लिश पॉटरीच्या मालावर १८६० पासून तीन अक्षरं दिसतात, त्यातलं एक वर्षाचं.

जॉर्ज जोन्स आधी मिंटनकडेच होता, मग स्वतःचा धंदा काढला. त्याच्या भांड्यांचा तळ मला सगळ्यात आवडतो, हिरवा-तपकिरी कालवल्यासारखा, आणि बऱ्याचदा मधे अंगठा टेकवल्यासारखी एक कोरी जागा, त्यात काळ्या रंगाने हाताने लिहिलेला नंबर. अर्थात नुसत्या ठशावर जाऊ नका, खोटे ठसे पण मारतात लोक.

उडवायच्या पतंगाच्या आकाराचा ठसा दिसला तर डिझाइन १८४२ ते १८८३ मधे रजिस्टर झालेलं, पण ती तारीख डिझाइनची हं, भांडं नंतरचंही असू शकतं. 'इंग्लंड' असं छापलं असेल तर बहुतेक १८९१ नंतरचं, अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं ना तेव्हा.

ठसाच नाही? चालतं, भरपूर अस्सल मालावर नसतो. मग आत डोकवा. पाणी-दूध ओतायच्या चांगल्या जुन्या जगला आतून पण गुलाबी नाहीतर फिरोजी ग्लेझ असतो, नकलेत आत पांढरी कोरडी माती, वजन हलकं आणि रंग एकमेकांत ओघळलेले. तोटी, कान, पाकळ्यांची टोकं अंधारात यूव्ही टॉर्च मारून बघा, डागडुजी केलेली जागा बहुतेक वेळा वेगळी चमकते.

आणि घेतलीच तर चहाबिहा नका पिऊ त्यातून, शिसं आहे ग्लेझमधे.