समोर सरकार नव्हे, मालक असेल तर मूलभूत हक्क कसा मागायचा

मालक, दुकानदार किंवा भावकीविरुद्धच्या अर्जात बहुतेक जण राज्यघटनेचे कलम १४ (कायद्यापुढे समानता) घालतात आणि अर्ज तिथेच अडतो. ते कलम शासनाला बांधते, खासगी माणसाला नाही. खासगी माणसालाही थेट लागू होणारी कलमे मोजकी आहेत: १५(२) म्हणजे दुकान, हॉटेल, सार्वजनिक विहीर किंवा घाटावर जात, धर्म, लिंग यांवरून मज्जाव, १७ अस्पृश्यता, २३ वेठबिगारी, २४ म्हणजे १४ वर्षांखालील मुलांना कारखान्यात किंवा धोक्याच्या कामावर ठेवणे. घर भाड्याने नाकारणे १५(२) मध्ये सरळ बसत नाही. तिथे अस्पृश्यता असेल तर १७ आणि १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा पाहा. जातपंचायतीने वाळीत टाकले, तर राज्याचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे.

सोलापुरात सर्वांत कामाचे कलम २३. यंत्रमाग असो वा ऊसतोड, उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटेपर्यंत काम सोडू न देणे हा गुन्हा आहे. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवून घेणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सांगितले. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या. त्यात उचलीची रक्कम व तारीख, मजुरीचा दर, दर आठवड्याची कपात, कोणी कसे अडवले हे लिहा. ते वेठबिगारीचे कर्ज नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. वेठबिगारी ठरली की उचल फेडावी लागत नाही. म्हणून मधल्या काळात ‘हिशेब पटला’ अशा कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका.

पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवून घेतला नाही, तर शहरात पोलीस आयुक्तांना आणि ग्रामीण भागात अधीक्षकांना टपालाने लेखी कळवा. नंतर दंडाधिकाऱ्यांकडे जा. ॲट्रॉसिटीच्या तक्रारीत गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची अट नाही.

प्रत्येक अर्जाची शिक्क्यासह पोच घ्या. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बहुमताने कलम १९ (स्वातंत्र्य) आणि २१ (जीवित) खासगी व्यक्तींविरुद्धही मागता येतात असे म्हटले, तरी नुसत्या मालकाविरुद्ध केलेली रिट (मूलभूत हक्कासाठी उच्च न्यायालयात केलेली याचिका) टिकवणे अवघड जाते. दाद न देणाऱ्या जिल्हाधिकाऱ्यांना आणि पोलिसांना प्रतिवादी करा. त्यांनी काही केले नाही, याचा पुरावा ती पोच. सोलापूरची रिट ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जाते. महिला, अनुसूचित जाती-जमाती, कामगार आणि वेठबिगारांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००.